डॉ. जॉन गिबन : आराखडे देऊन टाकणारा डॉक्टर



आपल्यापैकी अनेकांच्या घरी हृदयाची शस्त्रक्रिया झालेले कुणीतरी असते. अशा शस्त्रक्रियेत हृदय थांबवावे लागले, तर तेवढा वेळ त्याचे आणि फुप्फुसांचे काम एक यंत्र करते. त्या यंत्रासाठी झिजलेले डॉ. जॉन गिबन १९०३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जन्मले.

बॉस्टनमध्ये तरुण डॉक्टर असताना ते एका रात्री एका स्त्रीच्या उशाशी बसून होते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीमुळे ती खालावत गेली व शस्त्रक्रिया होऊनही दगावली. तिचे रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडता आले असते तर? या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. पत्नी मेरी यांच्या साथीने त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. दोन दशकांनी, ६ मे १९५३ रोजी, त्यांनी एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र शिवले. २६ मिनिटे तिचे प्राण यंत्रावर होते. ती वाचली.

पुढे मात्र लहान मुली दगावल्या. गिबन यांनी या शस्त्रक्रिया थांबवल्या. पण यंत्राचे आराखडे दडवले नाहीत, मेयो क्लिनिकला दिले. तेथे डॉ. जॉन कर्कलिन यांनी यंत्र सुधारून १९५५ साली त्याच्या आधारे रुग्ण वाचवले. गिबन १९७३ साली निवर्तले.

आपण उभे केलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपवताना आपला हात आखडतो. ते काम माझ्या नावासाठी होते, की माणसांसाठी? या आठवड्यात प्रभूसमोर बसून प्रत्येकाने स्वतःला हे विचारावे.

– आपला धर्मगुरू