दूध तोडण्याची घाई

मदिनेत व्यापाऱ्यांचा एक काफिला रात्रीच्या मुक्कामाला आला आणि नमाजाच्या मैदानावर उतरला. मालाला चोरांची भीती होती, म्हणून दोघे जण पहाऱ्याला बसले. एक होते अब्दुर्रहमान बिन औफ, शहरातले मोठे व्यापारी. दुसरे स्वतः खलिफा, हजरत उमर (रजि.).

नमाज पढत, जागत रात्र चालली होती. एवढ्यात तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला. उमर उठून गेले, आईला बाळाकडे लक्ष द्यायला सांगून परतले. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले. रात्र सरत आली तरी रडणे थांबेना, तेव्हा त्यांनी तिला चांगलेच फटकारले. अंधारात कोण बोलतो आहे हे तिला ठाऊक नव्हते. रात्रभर मागे लागलेल्या या अनोळखी माणसाला वैतागून तिने सांगून टाकले, की ती बाळाचे दूध तोडते आहे आणि बाळ काही ऐकत नाही. एवढी घाई कशाला, तर उमर अंगावर पिणाऱ्या मुलांना तनखा देत नाही, दूध सुटलेल्यांनाच देतो.

बाळ अजून काही महिन्यांचेच होते. आईने इच्छा असल्यास पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे, असे कुरआनात आहे.

हा तनखा म्हणजे काय ते सांगायला हवे. हजरत उमर 634 साली खलिफा झाले. पुढच्या काही वर्षांत इराक, सीरिया आणि इजिप्तचा महसूल मदिनेत येऊ लागला. तो बैतुलमालमध्ये, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात, साठवून ठेवण्याऐवजी त्यांनी दिवाण नावाची नोंदवही तयार करवली. घराण्याघराण्याची नावे त्यात लिहिली गेली आणि प्रत्येकाला वर्षाची रक्कम ठरली. मुलांनाही हिस्सा होता. फक्त दूध सुटेपर्यंत थांबावे लागे. कागदावर अट साधी दिसते. गरीब घरात मात्र तिचा अर्थ वेगळा झाला. रक्कम लवकर मिळावी म्हणून बाळाच्या तोंडचे दूध काढून घेतले जाऊ लागले, आणि ज्याने ही अट घातली त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दिवशी फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात उमर इतके रडत होते की मागे उभ्या लोकांना त्यांचे पठण नीट कळेना. नमाज संपताच आपल्यामुळे किती मुलांचे जीव गेले असतील, असे म्हणून त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मग दवंडी पिटली गेली: कुणीही मुलाचे दूध घाईने तोडू नये, यापुढे प्रत्येक मुलाचा तनखा जन्मापासून सुरू होईल. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनाही तसे लिहून गेले. ही हकीकत इब्न सअद या जुन्या चरित्रकाराने नोंदवून ठेवली आहे.

नवजात मुलाला शंभर दिरहम, थोडे मोठे झाल्यावर दोनशे, असा तो क्रम होता. रस्त्यात टाकून दिलेल्या मुलांसाठीही शंभर दिरहम ठरले. शिवाय त्यांना दूध पाजणाऱ्या दाईचा आणि पालनपोषणाचा खर्च बैतुलमालने उचलला.

माणूस मुळात कडक. लहानपणी बाप खत्ताब यांचे उंट राखताना त्यांनी बोलणी आणि मार दोन्ही खाल्ले होते, आणि पुढे सत्ता हाती आल्यावरही ते दिवस त्यांना आठवत. हातात कोरडा असलेल्या या खलिफाला लोक घाबरून असत. पण हिशेबाच्या बाबतीत ते अंदाजावर भरवसा ठेवत नसत. एका माणसाला महिन्याला किती धान्य लागते, हे ठरवताना त्यांनी एक जरीब धान्य दळून भाकरी करायला लावली. जरीब हे तेव्हाचे माप. त्या भाकरी तेलात कुस्करून तीस माणसांना दुपारी पोटभर जेवू घातले. रात्री पुन्हा तेवढेच धान्य, पुन्हा तीस माणसे. मग माणशी महिना दोन जरीब ठरले. पुरुषाला, स्त्रीला आणि गुलामालाही तेवढेच.

पिठाचे पोते पाठीवर घेऊन उपाशी मुलांच्या झोपडीकडे गेलेल्या उमरांची गोष्ट रमजानमध्ये पुष्कळदा सांगितली जाते. बुखारीच्या हदीससंग्रहातली दुसरी एक हकीकत तितकी ऐकू येत नाही. त्यांचा सेवक अस्लम सोबत होता, त्यानेच ती सांगितली. बाजारात एका तरुण विधवेने खलिफांना अडवले. नवरा वारलेला, पोरे इतकी लहान की स्वतःचे शिजवूनही खाता येईना. शेत नाही, दुभते जनावर नाही. दुष्काळ आपल्या मुलांना गिळेल, अशी तिला धास्ती होती. तिने आपल्या वडिलांचे नाव सांगितले, खुफाफ गिफारी. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासोबत हुदैबियाला ते हजर होते.

उमर पुढे गेलेच नाहीत. घरी बांधलेला धडधाकट उंट त्यांनी सोडला, त्याच्यावर धान्याने भरलेल्या दोन गोणी लादल्या, मधल्या जागेत कपडे आणि रोख रक्कम ठेवली आणि उंटाची वेसण तिच्या हाती दिली. हे संपायच्या आत अल्लाह तुझी पुढची सोय करील, असे तिला सांगितले. जवळच्या एकाला हे फार वाटले, तसे तो बोललाही. उमरांनी त्याला झिडकारले. हिच्या बापाने आणि भावाने एका किल्ल्याला किती दिवस वेढा घातला होता हे आपण पाहिले आहे, आणि तिथून आलेल्या मालातला हिस्सा आजही आपण खातो आहोत, हे त्यांनी त्याला ऐकवले.

खजिन्यात येणारा पैसा कुणाच्या तरी शेतातून येतो, हेही ते विसरत नसत. 644 साली, शेवटच्या दिवसांत, इराकच्या जमिनीची आकारणी करणारे दोन अधिकारी त्यांना भेटले. जमिनीला झेपणार नाही एवढा बोजा टाकला नाही ना, हे उमरांनी त्यांना विचारले. नाही, असे उत्तर मिळाल्यावरही त्यांनी पुन्हा खात्री करून घ्यायला सांगितले. मग म्हणाले, की आपण जगलो वाचलो तर इराकच्या विधवांना आपल्यामागे कुणापुढे हात पसरावा लागणार नाही अशी तजवीज करून जाऊ.

त्यानंतर चारच दिवसांनी, फज्रच्या नमाजात, त्यांच्यावर खंजिराचे वार झाले.