मनिलाच्या तटाआड वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया

फेब्रुवारीच्या ६ तारखेस ख्रिस्तसभा नागासाकी येथील सव्वीस रक्तसाक्षींचे स्मरण करते. या सव्वीस जणांत एक आपल्या वसईचे होते, हे बहुतेक भाविकांस ठाऊक आहे. संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत. परंतु वसईचे हे सुपुत्र जपानला कसे पोहोचले आणि क्रूसावर जाण्यापूर्वी नेमके कोणते काम करीत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. काही वर्षांपूर्वी फिलिपाइन्समधील मनिला शहरास आम्ही दोन दिवसांची धावती भेट दिली आणि तेथे या चरित्राचा एक दुर्लक्षित धागा आमच्या हाती आला.

मनिला हे स्पेनने पूर्वेकडे वसविलेले प्रमुख शहर. १५७१ साली मिगेल लोपेस दे लेगास्पी यांनी त्याची स्थापना केली. जुन्या शहराला आजही इंट्रामुरोस, म्हणजे तटाच्या आतले, असे म्हणतात. दगडी तट, अरुंद रस्ते आणि १६०७ साली पूर्ण झालेले संत अगस्तीनचे चर्च पाहून आपण आशियात आहोत की स्पेनमध्ये, असा क्षणभर संभ्रम पडतो. १९४५ सालच्या लढाईत या तटाआडचे जवळजवळ सारे शहर बेचिराख झाले. फ्रान्सिस्कन संघाचे चर्चही त्यात गेले. त्या जागी आज एका विद्यापीठाची इमारत आहे. तेथे उभे असताना आम्हांस वसईचा किल्ला आठवला. तेथेही तटाच्या आत फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीयांच्या चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. एका तटाआडच्या नगरात गोन्सालो यांची जडणघडण झाली, तर दुसऱ्या नगरात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६च्या सुमारास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई येथली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. वसईत येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. मिसरूडही फुटले नसेल अशा वयात ते एका येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला निघाले. पुढे सुमारे आठ वर्षे त्यांनी तेथे धर्मशिक्षकाचे काम केले. या काळात जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की तेथील लोकांशी ते त्यांच्याच बोलीत मोकळेपणाने बोलू लागले.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. मनात हुरहुर घेऊन ते बाहेर पडले आणि व्यापाराकडे वळले. व्यापारात त्यांना यश आले आणि पैसाही मिळाला. १५८० साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालच्याही गादीवर आला होता; त्यामुळे वसई आणि मनिला ही दोन्ही नगरे आता एकाच राजाच्या छत्राखाली होती. व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो मनिलास पोहोचले. तेथे अनवाणी फिरणारे, रोग्यांची सेवा करणारे फ्रान्सिस्कन व्रतस्थ त्यांनी पाहिले. मनातली जुनी हाक पुन्हा जागी झाली. सारा व्यापार सोडून १५८७च्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून. गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १५९० नंतर, शहराभोवती दगडी तट उभे राहू लागले. ते काम गोन्सालो यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले असणार.

हे तट भीतीपोटी उभे राहत होते. जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने मनिलाने आपले स्वामित्व मान्य करावे, अशी मागणी केली होती. १५९३ साली गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानला धाडले. सोबत दुभाषी हवा होता. स्पॅनिश लोकांत राहणारा, जपानी जाणणारा आणि विश्वासाचा माणूस म्हणून ब्रदर गोन्सालो यांची निवड झाली. ज्या देशातून ते रिकाम्या हाताने परतले होते, त्याच देशात फ्रान्सिस्कन झगा घालून ते पुन्हा उतरले. एका बाजूस दरबारी मिजास, दुसऱ्या बाजूस वकिलांचा नम्र नकार. एखादा शब्द चुकला असता तर युद्धाचा भडका उडाला असता. दोन्ही बाजूंचा शब्द त्यांच्या जिभेवरून जात होता.

भेट निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले. धर्मप्रचारकांना देशाबाहेर घालविण्याचा १५८७चा हुकूम अजून रद्द झालेला नव्हता, तरी काम चालू राहिले. नव्याने आलेल्या फादरांना भाषा येत नसे. त्यांचे प्रवचन लोकांपर्यंत पोहोचविणे आणि लोकांचे दुखणेखुपणे त्यांच्यापर्यंत आणणे, यासाठी त्यांना गोन्सालो यांचाच आधार होता.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोस निघालेले सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. जहाजावरील माल जप्त झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीचा रोष मिशनऱ्यांवर कोसळला. डिसेंबरात क्योटो येथील फ्रान्सिस्कनांच्या घराला पहारा बसला. जानेवारीत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार केले गेले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक. त्यांत लहान मुलेही होती. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी फ्रान्सिस्कन रक्तसाक्षींना धन्य म्हणून गौरविले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. वसईतील गास येथील चर्च आज संत गोन्सालो यांच्या नावाने उभे आहे.

त्यांचे हौतात्म्य आपण गौरवितो, ते योग्यच आहे. परंतु एका सकाळच्या मरणामागे वर्षानुवर्षांचे एक साधे काम होते, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यांनी कधी मिस्सा अर्पण केली नाही, कधी पापनिवेदन ऐकले नाही. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे पोहोचविणे, हेच त्यांचे पाचारण होते.

बीड जिल्ह्यातील चकलांब्यासारख्या गावी या कामाचे मोल चटकन कळते. केरळहून, गोव्याहून किंवा खुद्द वसईहून आलेले फादर पुस्तकी मराठी बोलतात. शुभवर्तमानातला दाखला वस्तीवरच्या आजीला तिच्या बोलीत उमजतो, तो गावच्या प्रचारकामुळे. दिवाळीनंतर येथली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. तेथे बाळंतीण आजारी पडली तर दवाखान्यात तिच्या वतीने कोण बोलणार? उचलीचा हिशेब न कळणाऱ्या माणसाची बाजू मुकादमापुढे कोण मांडणार? कानडी मुलखात पालावर राहणाऱ्यास दोन शब्द समजावून देणारा माणूस भेटला, तर तो त्याला देवदूतच वाटतो.

आपण मात्र प्रचारकाला फादरांच्या मागे चालणारा माणूस समजतो. सणाच्या दिवशी फादरांना हार घालतो आणि प्रचारकाला सतरंज्या उचलायला सांगतो. धर्मगुरू न झालेला एक धर्मशिक्षक आज आपल्या वेदीवर संत म्हणून विराजमान आहे, याचा आपणांस विसर पडू नये. येत्या ६ फेब्रुवारीस मिस्साबलीत संत गोन्सालो यांचे नाव घेताना आपल्या गावच्या प्रचारकाचेही नाव प्रभूपुढे ठेवावे आणि मिस्सा संपल्यावर त्याच्या घरी जाऊन त्याची, त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करावी, एवढीच आमची विनंती.