एक शून्य कमी करणारा जुगारसम्राट

गिऱ्हाइकाला शेजारच्यापेक्षा बरा भाव देऊन जुगारगृहाचा मालक गब्बर झाला, हे सहजासहजी पटणारे नाही. फ्रान्स्वा ब्लां याची कारकीर्द मात्र याच विसंगतीवर उभी राहिली.

दक्षिण फ्रान्समधील कूर्तेझाँ या गावी १८०६ मध्ये फ्रान्स्वा आणि त्याचा जुळा भाऊ लुई यांचा जन्म झाला. पुढे दोघे बोर्दो शहरात रोख्यांचा सट्टा करू लागले. पॅरिसच्या बाजारातील चढउतार टपालगाडीने बोर्दोला पोहोचण्यास काही दिवस लागत. त्या काळी मनोऱ्यांवरच्या लाकडी हातांच्या खुणांनी सरकारी संदेश वेगाने पाठवले जात. ब्लां बंधूंनी तेथील कर्मचाऱ्यांना लाच दिली आणि संदेशात मुद्दाम चूक घालून बाजाराची खबर सर्वांआधी मिळवली. १८३४ ते १८३६ अशी दोन वर्षे हा उद्योग चालला. खटला उभा राहिला. पण असा वापर गुन्हा ठरवणारा कायदाच नसल्याने दोघे जवळजवळ सहीसलामत सुटले.

१८३७ च्या अखेरीस पॅरिसमधील जुगारगृहे बंद झाली आणि ब्लां बंधूंनी सीमेपलीकडे नजर वळवली. होम्बुर्ग या छोट्या जर्मन संस्थानाला पैशाची चणचण होती. १८४१ मध्ये तेथे त्यांचे जुगारगृह सुरू झाले. स्पर्धा तीव्र होती, कारण जर्मनीतील इतर आरोग्यस्थळीही रुलेटची चाके फिरत होती. १८४३ मध्ये ब्लां बंधूंनी चाकावरील दोन शून्यांपैकी एक काढून टाकले.

या एका शून्याचे मोल गणिताने कळते. रुलेटवर १ ते ३६ असे आकडे असतात आणि आकडा लागला तर लावलेल्या फ्रँकसह ३६ फ्रँक हाती येतात. दोन शून्यांच्या चाकावर एकूण ३८ घरे. प्रत्येक घरावर एकेक फ्रँक लावला तर ३८ जातात, ३६ परत येतात. म्हणजे शेकडा ५.२६ मालकाचे. एकच शून्य असेल तर घरे ३७ आणि मालकाचा वाटा शेकडा २.७०. हजार फ्रँकच्या डावांमागे सरासरी ५३ ऐवजी २७ फ्रँक जाणार, हा फरक खेळणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आला. गर्दी होम्बुर्गकडे वळली. मात्र बरा भाव म्हणजे नफ्याचा भाव नव्हे. फ्योदोर दस्तयेवस्की १८६७ मध्ये याच टेबलांवर हरला. त्याचा भर शांत डोक्याने खेळण्यावर होता. पण डोके कितीही शांत ठेवले तरी ३७ वे घर चाकावरून जात नाही! १ ते ३६ या आकड्यांची बेरीज ६६६ येते, म्हणून ब्लांने सैतानाशी करार केल्याची दंतकथाही पसरली. वास्तविक त्याला सैतानाची गरजच नव्हती.

१८६३ मध्ये त्याने मोनॅकोतील डबघाईला आलेल्या जुगारगृहाचा पन्नास वर्षांचा परवाना घेतला. मांतों आणि रोकब्रून गमावल्याने या राज्याचे उत्पन्न आटले होते. १८६६ मध्ये त्या टेकडीला माँटे कार्लो हे नाव मिळाले, १८६८ मध्ये रेल्वे पोहोचली आणि १८६९ मध्ये तेथील रहिवाशांवरील प्रत्यक्ष कर रद्द झाले. मोनॅकोच्या प्रजेला मात्र टेबलावर बसण्याची मनाई होती. हरायचे ते पाहुण्यांनी. माँटे कार्लोत लाल-काळा किंवा सम-विषम अशा डावांत शून्य आले तरी सगळी रक्कम जात नसे. अर्धी परत मिळण्याची सोय होती. तेथे मालकाचा वाटा १.३५ वर येतो. जाणकार खेळाडू याच डावांना चिकटून राहत.

१८७२ च्या अखेरीस जर्मनीतील जुगारगृहे बंद झाली आणि तिकडची गिऱ्हाइके माँटे कार्लोची वाट धरू लागली. पॅरिसच्या नव्या ऑपेरागृहाचे काम पैशाअभावी रखडले, तेव्हा सरकारला कर्ज देणाऱ्यांत एकेकाळी खटल्यातून सुटलेला हाच ब्लां होता. १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचे निधन झाले. त्याची नात मारी बोनापार्त पुढे फ्रॉइडची शिष्या म्हणून नावाजली.

युरोपात एका शून्याचे चाक रूढ झाले. अमेरिकेने दोन शून्ये ठेवली आणि २०१६ पासून लास व्हेगासमध्ये तीन शून्यांची चाकेही आली. तेथे घरे ३९ आणि मालकाचा वाटा शेकडा ७.६९ आहे, आकडा लागल्यावर मिळणारी रक्कम मात्र ब्लांच्या काळातलीच.