लक्ष्मणराव किर्लोस्कर : रंगाकडून रेषेकडे

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपणांस लोखंडी नांगरामुळे परिचित आहे. येथे मात्र त्यांच्या चरित्रातील ज्या प्रसंगाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, तो कारखान्यातला नसून वर्गातला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षांनी उघड झाले, की काही रंगांमधला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकार होण्याची वाट तेथेच खुंटली.

ही उणीव इतक्या उशिरा का कळावी, असा प्रश्न आपणांस पडेल. मूल रंगांची नावे वस्तूंबरोबरच शिकते : कुंकू लाल, गवत हिरवे, हळद पिवळी. त्यामुळे उत्तर बरोबर येते, पण ते डोळ्यांनी दिलेले असतेच असे नाही. भाषा उणीव झाकून टाकते. ‘रंगांधत्व’ ही संज्ञाही फसवी आहे. अशा बहुतेक व्यक्तींना रंग दिसतात, फक्त काही रंग एकमेकांत मिसळतात. अणुसिद्धान्त मांडणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच अशा दृष्टीवर निबंध वाचला, तेव्हा त्यांनीही पंचविशी ओलांडली होती.

लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडले, पण कलाशाळा सोडली नाही. तेथेच ते यंत्रांचे आरेखन शिकत राहिले. या आरेखनात अर्थ रंगावर अवलंबून नसतो. दिसणारी कड अखंड रेषेने, झाकलेली कड तुटक रेषेने दाखवतात; कापलेला भाग तिरप्या रेषांनी भरतात. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले आणि फावल्या वेळात तेथील यंत्रशाळेत काम शिकले. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग नांगर असा पुढचा प्रवास आपण जाणताच. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हा योगायोग मला नेहमीच विलक्षण वाटतो. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले.

या चरित्रातून जिद्दीचा धडा काढण्याची आपल्याकडे सवय आहे. मला तो अपुरा वाटतो. त्याच शाळेत रेषेचा विषय शिकवला जात नसता, तर जिद्द कोणत्या वाटेने गेली असती? आज आपल्या विज्ञानाच्या वर्गात वैश्विक दर्शकाचा रंग तक्त्याशी जुळवायचा असतो, ज्योत-परीक्षेत ज्वालेचा रंग ओळखायचा असतो, फळ्यावर महत्त्वाचे तेवढे लाल खडूने लिहिलेले असते. ज्या विद्यार्थ्याला हे भेद दिसत नाहीत, तो गोंधळतो आणि बहुधा गप्प राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या उणिवेचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे प्रमाणपत्राची वाट पाहून चालणार नाही, शिक्षकालाच पुढे यावे लागेल. उपाय खर्चिक नाहीत. बाटलीवर नाव ठळक लिहावे. आलेखात एक रेषा अखंड, दुसरी तुटक काढावी. रंग जोडीदाराने सांगावा आणि निष्कर्ष या विद्यार्थ्याने काढावा, त्याचे गुण मात्र कापू नयेत. जेथे सामूमापक उपलब्ध असेल, तेथे आकडा वाचू द्यावा.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक किंवा पालक आहेत. घरातील दहावीचे विज्ञानाचे पुस्तक उघडा, एक प्रकरण निवडा आणि केवळ रंगावरून सोडवावे लागणारे प्रश्न शोधा. प्रत्येक प्रश्नापुढे, रंगाशिवाय तीच माहिती कशी देता येईल, ते एका वाक्यात लिहा.