कँडीचा कैदी, कँडीचा सेवक : संत जुझे वाझ

दरवर्षी १६ जानेवारीला सांकवाळ येथे भाविकांची रीघ लागते. संत जुझे वाझ यांच्या स्मृतिदिनी नवस फेडणारे, आजारी नातलगांसाठी प्रार्थना करणारे, केवळ श्रद्धेने मेणबत्ती लावून जाणारे असे नाना प्रकारचे लोक तेथे दिसतात. परंतु ज्या पुरुषाच्या नावाने हा मेळा भरतो, त्याच्या आयुष्याची उत्तरार्धातील जवळजवळ पंचवीस वर्षे गोव्याबाहेर, परक्या राज्यात आणि काही काळ वेषांतरात गेली, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रार्थना आणि क्षमा हे शब्द धर्मोपदेशात सहज उच्चारले जातात. वाझ यांना मात्र त्यांचा अर्थ तुरुंगात आणि रोग्यांच्या अंथरुणापाशी सिद्ध करावा लागला.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा बाणावलीची. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती, खाऊनपिऊन सुखी आणि धर्मनिष्ठ होते. मुलाने सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकून घेतले. पुढे जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि डोमिनिकन पंथीयांच्या विद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पादत्राणे सोडली. त्या काळी जोडे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. ते उतरवून ठेवणारा पाद्री गरिबांच्या पंगतीत जाऊन बसला, असेच लोकांना वाटले असणार. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला मरियामातेचा दास म्हणून लेखी अर्पण करून घेतले. हे दास्य केवळ कागदावर राहिले नाही, याची साक्ष त्यांचे पुढील आयुष्य देते.

१६८१ साली गोव्याच्या धर्मसत्तेने त्यांना कॅनरा प्रांतात पाठविले. मंगळूर, बसरूर, गंगोळी या परिसरातील ख्रिस्ती समाज त्या वेळी दुभंगला होता. पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांना मानायचे की रोमहून थेट नियुक्त झालेल्या बिशपला, या वादात एकाच गावातले लोक परस्परांचे तोंड पाहीनासे झाले होते. तरुण वाझ यांना एका पक्षाने पाठविले होते, तरीही त्यांनी दुसऱ्या पक्षाशी वैर न धरता सामोपचाराचा मार्ग स्वीकारला. पडकी चर्चे उभी करणे, मुलांसाठी शाळा चालविणे आणि आजाऱ्यांच्या घरी जाणे ही कामे त्यांनी वादापेक्षा मोठी मानली.

गोव्यात परतल्यावर १६८५ मध्ये ते जुन्या गोव्याच्या क्रूसाच्या टेकडीवरील चर्चमध्ये एकत्र राहणाऱ्या काही स्थानिक धर्मगुरूंना जाऊन मिळाले. युरोपीय संन्यासी पंथांची दारे त्या काळी एतद्देशीयांना सहसा उघडत नसत. म्हणून गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतःचा जो संघ उभारला, त्याला संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी परंपरेचे रूप मिळाले आणि वाझ त्याचे प्रमुख निवडले गेले. मान मिळाला, स्थैर्य मिळाले. पण त्यांचे मन लंकेकडे लागले होते.

लंकेचा किनारी प्रदेश १६५८ पर्यंत पोर्तुगीजांच्या हातून डचांच्या ताब्यात गेला होता. डच राज्यकर्ते कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिक कुटुंबे धर्मगुरूंवाचून राहिली होती. बाप्तिस्मा, पापकबुली, मिस्सा हे सारे त्यांच्यासाठी वडीलधाऱ्यांच्या आठवणीपुरते उरले होते. १६८६ मध्ये प्रमुखपद सोडून वाझ गोव्याबाहेर पडले आणि दक्षिणेकडील किनाऱ्याने तुतिकोरीनला पोहोचले. तेथून जुआंव नावाच्या सेवकासह ते १६८७ मध्ये जाफन्याला उतरले. अंगावर भिकाऱ्याची वस्त्रे होती. प्रवासात दोघांचीही प्रकृती पार ढासळली. हगवणीने खंगलेल्या वाझ यांचा जीव वाचला तो कोणीतरी दयेने आणून दिलेल्या पेजेवर.

बरे वाटू लागताच त्यांनी भिक्षेची झोळी घेतली. गळ्यात जपमाळ उघडी ठेवून ते दारोदार फिरत. जपमाळेकडे पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळखीची चमक उमटे, तो घरमालक कॅथलिक असावा असा त्यांचा अदमास असे. अशा रीतीने एकेक घर शोधून त्यांनी विखुरलेला समाज पुन्हा गोळा केला. उच्च कुळात जन्मलेल्या आणि ओरेटरीचे प्रमुखपद भूषविलेल्या या पाद्र्याने दारापुढे हात पसरावा, ही गोष्ट त्या काळच्या जातिबद्ध समाजात साधी नव्हती. परंतु भिक्षा हीच त्यांच्या धर्मसेवेची वाट ठरली. जाफन्याजवळच्या सिल्लालै गावात मुक्काम करून ते रात्री मिस्सा अर्पण करीत आणि दिवसा भिकाऱ्याच्या वेषात हिंडत.

ही गुप्त उपासना डचांच्या कानी गेलीच. १६८९ च्या नाताळच्या रात्री जाफन्यातील घरांवर धाड पडली आणि अनेक कॅथलिकांना पकडून कठोर शिक्षा झाल्या. वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. आपल्यामुळे इतरांवर ओढवलेले हे संकट त्यांच्या मनावर किती भार ठेवून गेले असेल, याची कल्पनाच करावी. तेथून ते पुत्तळमला आणि १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात गेले. किनाऱ्यावर डचांची सत्ता असली तरी डोंगराळ अंतर्भागातील कँडीचे बौद्ध राज्य स्वतंत्र होते.

कँडीत त्यांचे स्वागत बेड्यांनी झाले. दरबारात वावरणाऱ्या एका कॅल्विनपंथी फ्रेंच गृहस्थाने हा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे, असे राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या मनात भरविले. वाझ कैदेत पडले. आरोप खोटा होता आणि तो करणाराही ख्रिस्तीच होता. अशा वेळी मनात कडवटपणा साचणे स्वाभाविक असते. वाझ यांनी मात्र कैदेचा काळ सिंहली भाषा शिकण्यात आणि प्रार्थनेत घालविला. ज्या राजाने त्यांना डांबून ठेवले, त्याच्याच प्रजेची भाषा ते शिकत होते. बंधने जसजशी सैल झाली तसतशी त्यांनी जवळच एक झोपडीवजा चर्च उभारली. पुढे दुष्काळ पडला तेव्हा वाझ यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस आला आणि राजाने त्यांना मोकळीक दिली, असे परंपरा सांगते. त्या पावसाविषयी कोणी काहीही मानो. ज्या राज्याने आपल्याला कैद केले त्या राज्यावर पाऊस पडावा म्हणून त्यांनी हात जोडले, हे अधिक महत्त्वाचे.

खरी कसोटी १६९७ मध्ये आली. कँडीत देवीची भयंकर साथ पसरली. राजा आणि सरदार राजधानी सोडून गेले. भीतीपोटी लोकांनी आपल्या रोग्यांना रानात आणि ओस घरांत टाकून दिले. अशा वेळी वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले त्यांचे सहकारी फादर जुझे कार्व्हालो शहरात थांबले. त्यांनी रोग्यांसाठी निवारे उभारले, त्यांना अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, आपला की परका, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पाच वर्षांपूर्वी ज्या शहराने त्यांना हेर म्हणून कोंडले होते, त्याच शहराच्या व्रणांवर ते फुंकर घालीत होते.

क्षमा म्हणजे झालेले विसरणे नव्हे. वाझ यांनी कैद विसरली असेल असे मानण्याचे कारण नाही. पण त्या कैदेचा हिशेब त्यांनी मागितला नाही. आपल्या घरातले, भाऊबंदांतले, शेजाऱ्यांतले तंटे पिढ्यान्पिढ्या चालतात ते बहुधा याच हिशेबामुळे. जमिनीची मोजणी होते, खटला निकाली निघतो, तरी बोलणे सुरू होत नाही. देवासमोर गुडघे टेकणारा माणूस उठल्यावर ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्या दाराकडे वळतो की नाही, यावर त्याच्या प्रार्थनेची परीक्षा होते. वाझ यांच्या दिनक्रमात गुडघे टेकणे आणि रोग्याचे अंथरूण साफ करणे ही दोन वेगळी कामे नव्हती.

साथीनंतर राजाचा त्यांच्यावरील विश्वास दृढ झाला. गोव्याहून आणखी ओरेटरीयन धर्मगुरू येत राहिले. दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये लंकेत आले आणि पुढे त्यांनी सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया घातला. वाझ स्वतः मात्र पायी भटकंती करीत राहिले. डच प्रदेशातील कोलंबो आणि नेगोम्बो येथेही ते वेषांतर करून जात. गोव्याला ते पुन्हा कधीच परतले नाहीत. अखेरच्या दिवसांत शरीराने साथ सोडली आणि १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, कँडीतच त्यांनी देह ठेवला. कैदी म्हणून ज्या शहरात ते आले, त्याच शहराने त्यांना अखेरचा निरोप दिला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथेच गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद बहाल केले. दीर्घ यादवी युद्धात होरपळलेल्या, सिंहली आणि तमिळ समाजांत दुभंगलेल्या त्या देशात, दोन्ही भाषा शिकून दोन्ही समाजांची सेवा केलेल्या एका गोमंतकीयाचा तो गौरव होता.

सांकवाळला मेणबत्ती लावताना आपण बहुधा काहीतरी मागतो. मागावेही; वाझ स्वतः मागणाऱ्यांपैकीच होते, दारोदार झोळी घेऊन फिरले होते. फक्त मागून झाल्यावर घरी परतताना ज्याच्याशी आपण कित्येक वर्षे बोललेलो नाही, त्याचे दार वाटेत लागते का, हेही पाहावे.