आर्देशीर कर्सेटजी वाडिया

आम्हां वऱ्हाडवासीयांस समुद्राचें दर्शन क्वचितच घडतें. तथापि अमरावती-अकोल्याचा कापूस ज्या मुंबई बंदरांतून देशोदेशीं गेला, तेथील एका थोर यंत्रज्ञाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें, असें आम्हांस वाटतें.

आर्देशीर यांचा जन्म १८०८ सालीं मुंबईस झाला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून आले. तेव्हांपासून मुंबईच्या गोदींतील जहाजबांधणी याच पारशी घराण्याकडे चालत आली. त्यांचीं सागवानी जहाजें इंग्रजी आरमारांत नांवाजलेलीं होतीं. १८१७ सालचें ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडांत अद्यापि तरंगत आहे.

अशा घराण्यांतील मुलाचें मन मात्र लोखंडाकडे व वाफेकडे ओढलें. तरुणपणींच त्यांनीं एक अश्वशक्तीचें बाष्पयंत्र बनविलें. १८३३ सालीं विलायती एंजिन बसवून ‘इंडस’ ही लहान आगबोट तयार केली, आणि पुढील वर्षीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत ग्यासचे दिवे लाविले.

१८३९ सालीं ते इंग्लंडास गेले. त्यांची विद्वत्ता पाहून रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्यांस आपले सभासद निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दुसरे, श्रीनिवास रामानुजन, यांस तो मिळण्यास १९१८ साल उजाडावें लागलें!

त्याच वर्षीं ते मुंबईच्या सरकारी बाष्पयंत्रशाळेचे मुख्य एंजिनियर झाले. युरोपियन कारागिरांवर एका हिंदी मनुष्याचा अधिकार असावा, हें कित्येकांस रुचलें नाहीं. वृत्तपत्रांतून टीकाही झाली. आर्देशीर यांनीं वाद घातला नाहीं. १८५७ पर्यंत चोख काम करून त्यांनीं आपली योग्यता सिद्ध केली. मध्यंतरीं १८५१ सालीं त्यांनीं ‘लवजी फॅमिली’ ही ८० टनांची आगबोट पाण्यांत सोडली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेंत तयार झाले होते. पुढें १८६१ सालीं सिंधु नदीवरील आगबोटींच्या कंपनीचें काम पाहण्यास ते कोटरी येथें गेले. १८७७ सालीं इंग्लंडांतील रिचमंड येथें त्यांचें देहावसान झालें.

लोखंडी जहाजांनीं अखेर सागवानी जहाजांस मागें सारलें, आणि वाडियांचा पिढीजात धंदा ओसरला. तो भरभराटींत असतांनाच आर्देशीर यांनीं येणारा काळ ओळखला होता. पूर्वजांचें नांव त्यांनीं टाकलें नाहीं, तें नव्या आगबोटीवर कोरलें. वडिलांच्या धंद्याचा अभिमान बाळगून नवी विद्या हस्तगत करतां येते, हा धडा विद्यार्थ्यांनीं घ्यावा. आणि मुलाचें मन निराळ्या कामाकडे ओढूं लागल्यास पालकांनीं एकदम रागावूं नये, एवढीच आमची विनंती.