वॅटचं टेन्शन

बल्बवर, मिक्सरवर, हॉस्टेलच्या रूममध्ये वॉर्डनच्या नजरेआड चालणाऱ्या कॉइलवर, सगळीकडे एकच नाव असतं : वॅट. आपण ते एकक म्हणून इतक्या वेळा वापरतो की तो एक माणूस होता हेच विसरून जातो. फार तर शाळेतली ती किटलीची गोष्ट आठवते. किटलीचं झाकण वाफेनं उडालं, छोट्या जेम्सनं ते पाहिलं आणि वाफेचं इंजिन तयार झालं. मित्रांनो, थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्येच इंग्लंडच्या कोळसाखाणीतलं पाणी उपसत होतं. जेम्स वॅट जन्मला १७३६ मध्ये. म्हणजे किटलीची गोष्ट तेवढ्यापुरतीच ठेवा.

थर्मलच्या सबमिशनसाठी मी वॅटबद्दल वाचायला घेतलं आणि सबमिशन झाल्यावरही वाचत राहिलो. कारण पुस्तकात भेटला तो फोटोफ्रेममधला महान शास्त्रज्ञ नव्हता. तो आपल्या विंगमधला कुणीतरी वाटला. सतत काळजी करणारा, डोकं दुखतंय म्हणून दिवसच्या दिवस खोलीत बसणारा, आपल्याच्यानं काही होणार नाही असं मनात धरून बसलेला. त्याच्या या अवस्थेला आजच्या डॉक्टरांनी काय नाव दिलं असतं ते मी ठरवणार नाही. पण एवढं टेन्शन घेऊन हा माणूस इथपर्यंत पोचला कसा, हे मला सांगावंसं वाटतं.

स्कॉटलंडमधलं ग्रीनॉक हे बंदराचं गाव. वडील जहाजांना लागणारं सामान आणि उपकरणं पुरवायचे. जेम्सची बरीच भावंडं लहानपणीच गेली. तोही कायम आजारी, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण बरंचसं घरी आईकडेच झालं. शाळेत गेला तेव्हा मुलं त्याला छळायची. तो सतरा वर्षांचा असताना आई गेली, वडिलांच्या धंद्यालाही उतरती कळा लागली. मग उपकरणं बनवायचं काम शिकायला तो १७५५ मध्ये लंडनला गेला. तिथला नियम सात वर्षं उमेदवारी करण्याचा. त्याला तेवढा वेळही परवडत नव्हता आणि पैसाही. कॉर्नहिलमधल्या जॉन मॉर्गन नावाच्या कारागिरानं वीस गिनी घेऊन एका वर्षात शिकवायचं कबूल केलं. सात वर्षांचा सिलॅबस एका वर्षात! दिवसभर मॉर्गनकडे काम, रात्री वरखर्चासाठी स्वतःची छोटी कामं. बाहेर पडायचीही सोय नव्हती, कारण त्या काळी लंडनच्या रस्त्यांवरून तरुण पोरांना जबरदस्तीनं उचलून नौदलात भरती करत. वर्ष संपलं, काम शिकून झालं, पण तब्येत पार ढासळली. १७५६ मध्ये तो खोकला आणि पाठदुखी घेऊन गावी परतला.

पुढच्या वर्षी ग्लासगो युनिव्हर्सिटीनं त्याला आपल्या आवारात एक छोटं वर्कशॉप दिलं. तो प्रोफेसर नव्हता, विद्यार्थी नव्हता, आजच्या भाषेत म्हणजे लॅब असिस्टंट म्हणा. पण सुप्त उष्णतेवर काम करणारे जोसेफ ब्लॅक त्याच्या वर्कशॉपमध्ये येऊन गप्पा मारत बसायचे. १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनचं एक बिघडलेलं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते दोनचार स्ट्रोक मारून बंद पडायचं. वॅटनं मोजमापं घेतली. त्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी मारून थंड करत. त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरही गार व्हायचा आणि तो पुन्हा तापवण्यातच सुमारे तीन चतुर्थांश वाफ वाया जायची. १७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला उत्तर सुचलं : वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवा, सिलिंडर कायम गरम राहू दे. हाच तो सेपरेट कंडेन्सर, जो आपण व्हायवात तोंडपाठ म्हणून दाखवतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. आयडिया सुचली १७६५ मध्ये आणि पहिली इंजिनं धंद्यासाठी चालू झाली १७७६ मध्ये. मधली अकरा वर्षं आपल्याला कुणी शिकवत नाही.

त्या अकरा वर्षांत त्याच्याकडे काय होतं? लग्न झालेलं, घरात लहान मुलं, डोक्यावर कर्ज. जॉन रोबक या उद्योजकानं सुमारे हजार पौंडांचं कर्ज अंगावर घेतलं आणि बदल्यात शोधात दोन तृतीयांश वाटा घेतला. १७६९ च्या जानेवारीत पेटंट मिळालं. पण पहिलं मोठं इंजिन काही नीट चालेना. सिलिंडर गोल बनेना, पिस्टनच्या कडेनं वाफ गळायची. ती फट बुजवायला वॅटनं कापड, कागदाचा लगदा, अगदी घोड्याची लीदसुद्धा वापरून पाहिली. आणि पोट भरायला हा माणूस कालव्यांचे सर्व्हे करत हिंडत होता, पावसात आणि चिखलात. मजुरांवर ओरडणं, कंत्राटदारांशी घासाघीस, हिशेब मिटवणं या सगळ्याची त्याला अक्षरशः भीती वाटायची. डोकेदुखीनं तो तासन् तास शेकोटीजवळ डोकं धरून बसायचा. चौतिसावा वाढदिवस झाला तेव्हा, म्हणजे कंडेन्सर सुचून पाच वर्षं होत आली असताना, आपण आजवर जगाच्या काडीच्याही उपयोगी पडलो नाही असंच त्याला वाटत होतं. ज्याच्या नावानं आज जगभर शक्ती मोजतात त्याचं स्वतःबद्दलचं माप हे होतं!

हे तो कुणाला सांगत होता, तेच मला महत्त्वाचं वाटतं. बर्मिंगहॅमचे एक डॉक्टर होते, विल्यम स्मॉल. १७६७ मध्ये ओळख झाली आणि तेव्हापासून वॅट त्यांना पत्रं लिहू लागला. त्या पत्रांत इंजिनबरोबर डोकेदुखी होती, निराशा होती, सगळं सोडून द्यावं हा विचारही होता. स्मॉल उत्तरं पाठवत राहिले. त्यांनीच वॅटची गाठ मॅथ्यू बोल्टनशी घालून दिली.

१७७३ हे वर्ष सगळ्यात वाईट. रोबक दिवाळखोरीत निघाला. सप्टेंबरमध्ये वॅट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कालव्याचा सर्व्हे करत असताना त्याची बायको मार्गारेट बाळंतपणात गेली. घरापासून दूर, निरोप मिळून परत येईपर्यंत सगळं संपलेलं. पुढच्या वर्षी, १७७४ च्या मे महिन्यात, त्यानं स्कॉटलंड सोडलं आणि तो बर्मिंगहॅमला बोल्टनकडे गेला.

बोल्टन वॅटपेक्षा आठ वर्षांनी मोठा आणि स्वभावानं नेमका उलटा. मोठा कारखाना, मोठी स्वप्नं, बोलायला गोड, कर्ज घ्यायला न घाबरणारा. रोबककडून येणं असलेल्या पैशांच्या बदल्यात त्यानं पेटंटमधला दोन तृतीयांश वाटा घेतला. १७७५ मध्ये पार्लमेंटकडून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून मिळाली. कामाची वाटणी सरळ होती : डिझाइन आणि ड्रॉइंग वॅटचं, पैसा, गिऱ्हाईक आणि कारखाना बोल्टनचा. सिलिंडरचा प्रश्न तिसऱ्याच माणसानं सोडवला. जॉन विल्किन्सनच्या नव्या बोअरिंग मशीनवर पन्नास इंची सिलिंडर एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक न पडता कापला जाऊ लागला. नऊदहा वर्षं अडलेलं काम दोन वर्षांत मार्गी लागलं.

आपल्याला वाटतं की करिअर करायचं तर सगळं आपल्यालाच जमलं पाहिजे. कोडिंग, कम्युनिकेशन, लीडरशिप, जीडीमध्ये टेबलावर हात आपटून बोलणं, सगळं. एक जमलं नाही की रात्रीची झोप जाते. वॅटला निम्म्याहून जास्त गोष्टी आयुष्यभर जमल्या नाहीत. त्या त्यानं दुसऱ्याकडे दिल्या आणि त्याची किंमतही मोजली. फायद्यातला फक्त एक तृतीयांश वाटा त्याचा. तरीही एककाला नाव त्याचंच पडलं. ब्रिटिश असोसिएशनपुढे १८८२ मध्ये ते सुचवलं गेलं आणि १९६० मध्ये ते एसआय पद्धतीत आलं. बोल्टनच्या नावाचं एकक नाही.

बोल्टन भेटला म्हणून टेन्शन गेलं असं मात्र समजू नका. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींत कोळसा समुद्रमार्गे यायचा, महाग पडायचा. म्हणून तिथे नव्या इंजिनाला मागणी होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग कंपनीला द्यायचा असा करार. खाणमालक पैसे द्यायला खळखळ करायचे आणि वॅट त्या मीटिंगांच्या धास्तीनंच आजारी पडायचा. बोल्टननं काढलेल्या कर्जांचीही त्याला धडकी भरायची. त्याची दुसरी बायको अ‍ॅन हिनं एकदा नवऱ्याला न सांगता बोल्टनला पत्र लिहून त्याची मनःस्थिती कळवली. मला हे फार मोठं वाटतं. ज्याला त्रास होतोय त्याला स्वतःहून मदत मागता येतेच असं नाही. कधी कधी जवळच्यानं पुढे होऊन दुसऱ्याला सांगावं लागतं. पुढे कॉर्नवॉलचं बरंच काम विल्यम मर्डॉक या तरुण इंजिनिअरनं सांभाळलं.

याच काळात वॅटनं काय काय केलं ते पाहा. पत्रांच्या नकला करण्याचा वैताग येतो म्हणून १७८० मध्ये कॉपी करायचं यंत्र, १७८१ मध्ये सन अँड प्लॅनेट गिअर, १७८२ मध्ये डबल अ‍ॅक्टिंग इंजिन, १७८४ मध्ये पॅरलल मोशन (याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता), १७८८ मध्ये गव्हर्नर. मन शांत झालं, आत्मविश्वास आला आणि मग काम झालं, असा क्रम कुठेच दिसत नाही. टेन्शन होतंच. फक्त ते एकट्यावर पडत नव्हतं. पौर्णिमेच्या आसपास जमणारी ल्युनर सोसायटीची मित्रमंडळी होती. बोल्टन, एरॅस्मस डार्विन, वेजवुड, प्रीस्टली असे लोक जेवायचे, प्रयोग करायचे, वाद घालायचे. चंद्रप्रकाशात घरी परतता यावं म्हणून पौर्णिमा!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख हारतुरे होईल. वॅटच्या भीतीची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. जास्त दाबाच्या वाफेला त्याचा ठाम विरोध होता. त्या काळचे बॉयलर पाहता ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण पेटंटच्या जोरावर त्यानं आणि बोल्टननं इतरांवर कोर्टकज्जे केले. मर्डॉकनं १७८४ मध्ये वाफेच्या गाडीचं चालतं मॉडेल बनवलं होतं, त्यालाही त्यातून परावृत्त केलं. १८०० मध्ये पेटंट संपलं आणि लगेचच रिचर्ड ट्रेव्हिथिकची जास्त दाबाची इंजिनं आणि वाफेची गाडी पुढे आली. म्हणजे काळजी करणारा तो हुशार, असं काही नसतं. काळजीनं माणूस हुशार होत नाही, कधी कधी अडून बसतो.

१८०० मध्येच वॅट धंद्यातून बाहेर पडला. पैसा होता, नाव होतं, मुलं कारभार बघत होती. त्यानं घराच्या माळ्यावर एक वर्कशॉप थाटलं आणि तिथे पुतळ्यांच्या प्रतिकृती कोरायचं यंत्र बनवत बसला. ना डेडलाइन, ना गिऱ्हाईक. उतारवयात डोकेदुखीही कमी झाली. दुःख मात्र संपलं नव्हतं. मुलगी जेसी १७९४ मध्ये आणि मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये क्षयानं गेले. ग्रेगरीची शाळेची ट्रंक, वह्यांसकट, त्यानं त्या माळ्यावरच ठेवली होती. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. दहा वर्षांपूर्वी गेलेला बोल्टन ज्या चर्चमध्ये आहे तिथेच त्यालाही पुरलं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तो माळा आठ हजारांवर वस्तूंसह जसाच्या तसा उभारून ठेवला आहे.

गव्हर्नर आपण सगळ्यांनी लॅबमध्ये फिरवून पाहिलाय. वेग वाढला की गोळे बाहेर जातात, वाफ कमी होते. वेग कमी झाला की उलट. गव्हर्नर इंजिन बंद करत नाही आणि इंजिन स्वतःहून आपला वेग आवरत नाही. त्याला बाहेरून काहीतरी जोडावं लागतं. माणसाचंही मला तसंच वाटतं. आणि ते जोडलेलं दर वेळी बोल्टनएवढं मोठं असायची गरज नाही. रूममेट चालतो, मेसमध्ये रोज शेजारी बसणारा चालतो, ज्यांच्याशी बोलता येतं असे सर किंवा मॅडम चालतात. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणंच नको असे विचार येत असतील, तर मात्र फक्त मित्रांवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. वॅटला स्कॉटलंडहून बर्मिंगहॅमला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसावं लागायचं. आपल्याला तेवढं तरी थांबावं लागत नाही.

आणि तुमच्या विंगमध्ये कुणी आठवडाभर दार लावून बसलं असेल, तर त्यानं मदत मागायची वाट बघू नका. अ‍ॅन वॅटनंही बघितली नव्हती.